तातडीचं टेबल

भालचंद्र हर्डीकर वीस-एकवीस वर्षं कारकून होता आणि त्यातली पहिली दहा वर्षं त्याच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. निदान तसं त्याच्या नोकरीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर नावाच्या भागात, महाराज बाड्यापासून जरा आत, एका जुन्या दगडी इमारतीत आरोग्य खात्याची एक शाखा होती. तिला सगळे साथसूचना शाखा म्हणत. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतून साथीच्या रोगांची जी खबर येई ती तिथं येई, तिथून डॉक्टरांकडे जाई, आणि मग लस, औषधं, माणसं रवाना होत. भालचंद्र तिथं आलेला कागद उघडायचा, वाचायचा, कोपऱ्यात तारीख आणि आपली आद्याक्षरं घालायचा आणि ज्या गठ्ठ्यात तो जायला हवा त्या गठ्ठ्यात ठेवायचा. एवढंच त्याचं काम.

संस्थानी काळात हे काम म्हणजे सरळ रस्ता होता. दिवसाला दहा-बारा कागद यायचे. पाठवणारे ठरलेले, त्यांची अक्षरंसुद्धा ओळखीची. कोण उगाच घाबरतो आणि कोण घर पेटल्याशिवाय बोंब मारत नाही, हे भालचंद्रला पाठ होतं. आजोबा दरबारच्या फडात लेखक होते. कागद वाचणं हा घरातलाच धंदा आहे असं तो समजायचा.

मग अठ्ठेचाळीस साली संस्थानं एकत्र आली. ग्वाल्हेर, इंदूर आणि भोवतालची लहानमोठी वीस-बावीस राज्यं मिळून एकच राज्य झालं. प्रत्येक राज्याचा आपला दवाखाना, आपला शिरस्ता, आपली भाषा. सगळ्यांना हुकूम गेला की यापुढे साथीची खबर लष्करच्या शाखेला कळवावी आणि तातडीची असल्यास वर 'तातडीचे' असं लिहावं. हुकूम साधा होता. पण तातडीचं म्हणजे काय, ते त्यात कुणी लिहिलं नव्हतं.

दोन वर्षांत कागदांचा पूर आला. आणि जो तो कागद तातडीचा. हिवतापाचं कुनैन संपलं, तातडीचे. कंपाउंडरच्या रजेचा अर्ज, तातडीचे. मंत्री दौऱ्यावर येणार, दवाखान्याला चुना मारायला परवानगी हवी, अतितातडीचे. एका संस्थानातून आलेल्या हकिमांनी तर छापील कागदाच्या माथ्यावरच तो शब्द छापून घेतला होता. रोगांच्या नावांचाही तोच गोंधळ. एकच आजार कुणी हैजा म्हणे, कुणी कॉलरा, कुणी उलटी-दस्त, म्हणजे उलट्या-जुलाब, आणि माळव्यातल्या एका ठिकाणाहून नुसतं 'मरी आली' एवढंच येई. पहिल्या वर्षी डॉक्टर माथुर, जे शाखेचे प्रमुख होते, ते प्रत्येक तातडीचा कागद स्वतः बघत. दुसऱ्या वर्षी ते सकाळी एकदा गठ्ठ्यावरून हात फिरवत आणि विचारत, "इसमें कुछ है क्या, हर्डीकर बाबू?" भालचंद्र दोन-चार कागद काढून देई. बाकीचे आपापल्या वाटेनं जात.

त्यातच राजधानीचा प्रश्न. ग्वाल्हेर मोठं की इंदूर, हा वाद मिटेना, तेव्हा हिवाळ्यात इथं आणि उन्हाळ्यात तिथं अशी तोड निघाली. एप्रिल संपत आला की कपाटं रिकामी करायची, ट्रंकांत कागद भरायचे, ट्रंका ट्रकात चढवायच्या आणि आग्रा-मुंबई रस्त्यानं इंदूरला धाडायच्या. पटकीचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो, हे ठरवणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

पन्नास सालच्या एप्रिलात, एकोणीस तारखेला, टेबलावर बासष्ट तारा आणि पत्रं आली. सगळी तातडीची. त्यांच्याखाली एक पोस्टकार्ड होतं. त्यावर तातडीचं काही लिहिलेलं नव्हतं. काकरखेडी नावाच्या गावाहून, नाथूलाल नावाच्या कंपाउंडरनं लिहिलेलं. तारघर अठरा कोसांवर, म्हणून कार्ड. बारीक अक्षरात गच्च भरलेलं. 'सिद्ध श्री सर्वोपमायोग्य' असा मायना दोन ओळी चालला होता, मग दवाखान्याच्या कौलांचा विषय, मग फिनेल न मिळाल्याचा. भालचंद्रनं तिथवर वाचलं. कोपऱ्यात तारीख घातली, 'भा. ह.' लिहिलं, आणि कार्ड इमारत-दुरुस्तीच्या गठ्ठ्यात ठेवलं. बाहेर हमाल ट्रंकांना दोऱ्या बांधत होते.

तेवीस तारखेला ट्रक निघाले. इंदूरला खोल्या मिळायला उशीर झाला. दुरुस्तीच्या गठ्ठ्याची ट्रंक तिथल्या मधु पोतनीस नावाच्या कारकुनानं सहा मेला उघडली. हा पोतनीस होळकरांच्या जुन्या खात्यातला, भालचंद्रहून सहा-सात वर्षांनी लहान, कमी बोलणारा. त्यानं कार्ड शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या तीन ओळींत लिहिलं होतं की विहिरीजवळच्या सात घरांत दस्त लागले आहेत, तिघं गुजरले, दवा भेजने की कृपा हो.

पोतनीसनं जागेवरून उठून ते कार्ड डॉक्टर माथुरांच्या हातात नेऊन दिलं. माणसं त्याच दिवशी निघाली. ती पोचली तेव्हा काकरखेडीत एकतीस माणसं गेली होती.

चौकशी लागली. आणि चौकशी लागताच तिला दोन तोंडं फुटली. इंदूरकडचे म्हणू लागले की कागद ग्वाल्हेरात चार दिवस पडून होता. ग्वाल्हेरकडचे म्हणू लागले की इंदूरला ट्रंक तेरा दिवस बंद होती. कार्ड चौकशी अधिकाऱ्यांकडे होतं, पण प्रवासात त्याला पाणी लागून कोपरा फुगला होता. शाई फुटली होती. आद्याक्षरं वाचता येत नव्हती. तारीख तेवढी पुसट दिसत होती.

शाखेचे हेडक्लार्क मुकुंदराव हे जुने गृहस्थ. त्यांनीच भालचंद्रला कामाला लावलं होतं. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी ते लष्करातल्या खासगी बाजार नावाच्या पेठेत त्याच्या बिऱ्हाडी आले. शामलानं, भालचंद्रच्या बायकोनं, चहा केला. ती मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि त्या वेळी आतल्या खोलीत वह्या तपासत बसली होती, पण मधलं दार उघडंच होतं.

मुकुंदरावांनी बराच वेळ इकडचं तिकडचं केलं. मग म्हणाले की तुला कुणी खोटं बोलायला सांगत नाही. विचारतील की हे अक्षर तुमचं का, तर सांगायचं, ओळखता येत नाही. तेही खरंच आहे, कुणालाच ओळखता येऊन नाही राहिलं. मग ट्रंकेचे तेरा दिवस उरतात, आणि ते इंदूरवाल्यांनी निस्तरावेत.

"आणि पोतनीस?" भालचंद्रनं विचारलं.

"तो कोण आपला? त्याला तिकडचे सांभाळतील. नाही सांभाळलं तर जाईल. तू गेलास तर या शाखेत आपलं माणूस कोण राहिलं, याचा विचार कर."

भालचंद्रनं त्यांना दारापर्यंत सोडलं. मुकुंदराव गेल्यावर त्यानं कपबशा उचलल्या. त्याला भीती वाटत होती ती नोकरीची, यात शंका नाही. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. ते कार्ड त्याला आठवतच नव्हतं. ट्रंकांच्या दोऱ्या आठवत होत्या, हमाल आठवत होते, पण ते कार्ड हातात घेतल्याची, ते ठेवल्याची काही म्हणून आठवण नव्हती. एकतीस माणसांची खबर त्याच्या बोटांतून गेली आणि मागे काही ठेवून गेली नाही.

शामलानं वह्या बाजूला ठेवल्या आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी टेबलावर दुसरं कोणी होतं का?"

नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीत त्याला कार्ड दाखवण्यात आलं. त्यानं ते हातात घेतलं आणि उलटंसुद्धा केलं नाही. म्हणाला, "अक्षर ओळखू येत नाही. पण एकोणीस तारखेला आवक माझ्याकडेच होती. दुसरा कोणी तारीख घालत नाही. म्हणजे हे मीच वाचलं. अर्धं वाचलं, आणि चुकीच्या गठ्ठ्यात ठेवलं. दुरुस्तीच्या ट्रंका शेवटी उघडायच्या हा नियम आहे. पोतनीसांनी नियमाप्रमाणेच केलं."

मुकुंदरावांनी त्यानंतर दीड वर्ष त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. नोकरीच्या पुस्तकात ठपका आला, लाल शाईनं, साडेतीन ओळी. आवकेचं टेबल त्याच्याकडून काढून घेण्यात आलं. आणि डॉक्टर माथुर काकरखेडीला जबाब घ्यायला निघाले होते, त्यांच्याबरोबर लिहिणारा म्हणून कुणी जायला तयार नव्हतं, तर ते कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

काकरखेडी म्हणजे टेकडीच्या पायथ्याचं ऐंशी-नव्वद घरांचं गाव. विहिरीचं पाणी अजून लाल औषधानं गुलाबी दिसत होतं. दवाखाना एका खोलीचा, कौलं खरोखरच फुटलेली. नाथूलाल चाळिशीतला, वाळकुडा, स्वच्छ धोतर नेसलेला माणूस होता. त्यानं दोघांना खाटेवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं ते सगळं त्यानं नीट सांगितलं. कोण कधी आजारी पडलं, कोणत्या घरातलं, कोणत्या दिवशी गेलं. सातव्या घरातली म्हातारी, जी कार्ड टाकल्यावर चौथ्या दिवशी गेली, ती त्याची आई होती, हे त्याच यादीत, त्याच सुरात आलं. भालचंद्रनं तीही ओळ लिहून घेतली.

शेवटी भालचंद्रनं स्वतःहून एक प्रश्न विचारला. त्याला तो अधिकार नव्हता, पण डॉक्टर माथुर काही बोलले नाहीत. त्यानं विचारलं की दस्ताची गोष्ट सगळ्यात शेवटी का लिहिली?

नाथूलालनं त्याच्याकडे पाहिलं, जणू प्रश्नच त्याला समजला नाही. मग त्यानं कोनाड्यातून कापडात बांधलेली एक वही काढली. गावाच्या जुन्या संस्थानिकाच्या, ठाकूरसाहेबांच्या, राज्यातला पत्रव्यवहाराचा शिरस्ता. त्यात लिहिलं होतं की दरबारात अर्जी करताना आधी मायना, मग मागील राहिलेले विषय क्रमानं, आणि नवीन विषय सर्वांत शेवटी. मागचं न मांडता नवीन मांडणं म्हणजे बेअदबी.

"मैंने तो कायदे से लिखा था, बाबूजी," नाथूलाल म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो खरोखर माहिती देत होता. 'तातडीचे' असं का लिहिलं नाही, हेही त्यानं सांगितलं. त्याची समजूत अशी होती की तातडी कशाची ते मोठे साहेब ठरवतात. लहान माणसानं साहेबाच्या कागदावर 'लवकर करा' असं लिहायचं नसतं.

परतीच्या मोटारीत डॉक्टर माथुर खिडकीबाहेर बघत होते. देवासच्या अलीकडे कुठेतरी ते म्हणाले की यावर काय करता येईल ते लिहून द्या. भालचंद्रला वाटलं, ते जबाबांबद्दल बोलताहेत. ते तसं नव्हतं.

त्यानं आठ दिवस घेतले. लिहिलं आणि खोडलं. पहिल्यांदा त्याला वाटलं होतं की तातडीच्या तीन पायऱ्या कराव्यात: तातडीचे, अतितातडीचे, आणि अत्यंत. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतील आणि नाथूलाल पहिल्या पायरीवरही चढणार नाही. तेव्हा त्यानं तो शब्दच काढून टाकला. तातडी आहे की नाही हे पाठवणाऱ्याला विचारायचंच नाही. त्याला फक्त जे दिसतं ते विचारायचं. एक छापील जोडकार्ड, पत्ता आधीच घातलेला, मायना नाही, मागील विषय नाही. चार ओळी. गाव कोणतं. काय दिसतं आहे: उलटी-दस्त, ताप, की अंगावर दाणे, रोगाचं नाव लिहायचं नाही. कोणत्या दिवसापासून, किती आजारी, किती गेले. पाणी कुठलं पितात. बस.

शाखेकडची बाजूही त्यानं लिहिली. कार्ड आलं की ते गठ्ठ्यात जाणार नाही. वेगळ्या टेबलावर येईल आणि त्या टेबलावर दुसरा कुठलाही कागद येणार नाही. कार्डाला त्याच दिवशी उत्तर जाईल, आणि उत्तरात 'पोचलं' असं न लिहिता कार्डातले आकडे पुन्हा लिहिले जातील: सात घरं, तीन मयत, विहीर. कार्डाचं दुसरं अर्धं त्याचसाठी. म्हणजे वाचणाऱ्यानं शेवटपर्यंत वाचलं हे पाठवणाऱ्याला कळेल. उत्तर आलं नाही तर त्यानं पाच दिवसांनी पुन्हा कार्ड टाकायचं आणि तसं करण्यात बेअदबी नाही, हे कार्डावरच छापायचं. आणि टेबल प्रवास करणार नाही. राजधानी कुठेही असो, एक टेबल लष्करात राहील आणि एक इंदुरात, बारा महिने.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. आधी चाळीस दवाखान्यांना कार्डं द्या, म्हणाले. लष्करच्या टेबलावर तुम्ही बसा. ठपका असलेला माणूस तिथं नको असं वरून विचारतील, ते मी बघतो. इंदूरच्या टेबलासाठी कोण हवं, हे त्यांनी विचारलं तेव्हा भालचंद्रनं पोतनीसचं नाव सांगितलं. त्यानं शेवटची ओळ वाचली होती, एवढंच कारण दिलं.

काम सुरू झालं ते काही झेंडे लावून नाही. पहिल्या तीन महिन्यांत कार्डावर कौलांचेच विषय आले. लोक चारही ओळी रिकाम्या ठेवून समासात रजेचे अर्ज लिहीत. भालचंद्र प्रत्येकाला परत लिही. हळूहळू ओळी भरू लागल्या.

खरा त्रास खालून आला नाही, वरून आला. ते टेबल रोज डॉक्टरांसमोर जातं आणि तिथला कागद त्याच दिवशी हलतो, ही बातमी कचेरीत पसरली. मग प्रत्येकाला आपला कागद तिथं हवासा वाटू लागला. आधी औषधभांडाराचा, मग नेमणुकांचा. एकदा एका मोठ्या साहेबांचे खासगी चिटणीस स्वतः आले. साहेबांच्या दौऱ्याचा कार्यक्रम त्यांच्या हातात होता. तो त्यांनी कार्डांवर ठेवला आणि म्हणाले की हा आजच्या आज गेला पाहिजे.

भालचंद्र उभा राहिला. त्यानं तो कागद वाचला, पूर्ण वाचला, आणि एक कोरं कार्ड काढून पुढे केलं. म्हणाला, "साहेब, या टेबलावरून फक्त हे जातं. तुम्ही सांगा, मी भरतो. आजारी किती लिहू, आणि मयत किती?"

चिटणीसांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा थट्टा करतो आहे की काय, हे त्यांना ठरवता येईना. भालचंद्र थट्टा करत नव्हता. त्याला दुसरं काही विचारायचं सुचलं नव्हतं, एवढंच. चिटणीसांनी कागद उचलला. तक्रार झाली, आणि डॉक्टर माथुरांनी ती दाबली की ती आपोआप विझली, हे त्याला कधी कळलं नाही.

एक्कावन्नच्या मेमध्ये चंबळच्या बाजूनं एक कार्ड आलं. उलटी-दस्त, चाळीस आजारी, मयत नाही, पाणी बावडीचं. रात्र उलटायच्या आत मोटार, लस, तीन माणसं गेली. तिथं कळलं की लग्नाच्या पंगतीतला खवा नासका होता. सगळे दोन दिवसांत बरे झाले. कचेरीत हसू झालं. मुकुंदरावांनी, बोलत नसतानासुद्धा, शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हटलं की हर्डीकरांचं टेबल वरातीला गेलं होतं. कार्ड पाठवणारा लस टोचणारा कर्मचारी तरुण होता आणि त्याची भीतीनं गाळण उडाली होती. त्यानं माफीचं लांबलचक पत्र पाठवलं. भालचंद्रनं ते पत्र फायलीला लावलं नाही. त्याला उत्तर लिहिलं की आपण जे दिसलं ते लिहिलंत, तेच हवं होतं, पुन्हा दिसलं तर पुन्हा लिहा. डॉक्टरांची सही हवी म्हणून तो त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले की यात माझ्या सहीची काय गरज? भालचंद्र म्हणाला की तुमची नसली तर पुढच्या वेळी तो दोन दिवस विचार करत बसेल. डॉक्टरांनी सही केली.

इंदूरच्या टेबलाशी त्याचा रोजचा व्यवहार होता. पोतनीस आकडे पाठवी, तो आकडे पाठवी. कधी खुशाली नाही, सणाचं पत्र नाही. बावन्न साली पोतनीस कामासाठी लष्करात आला, तेव्हा पहिल्यांदा दोघं निवांत भेटले. स्टेशनाकडच्या पडाव भागातल्या एका हॉटेलात पोतनीस उतरला होता. गाडीला वेळ होता म्हणून भालचंद्र त्याच्यासोबत बसला. पोतनीस म्हणाला, "चौकशीत तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मी नोकरीत आहे. हे मला माहीत आहे. पण तुम्ही कार्ड शेवटपर्यंत वाचलं असतंत, तर ती चौकशीच झाली नसती. म्हणून मी कधी आभार मानले नाहीत."

भालचंद्र म्हणाला की बरोबर आहे. मग दोघांनी उरलेला वेळ इंदूरच्या टेबलावर दुसरा माणूस कोण ठेवावा याबद्दल बोलण्यात घालवला. शामलाला त्यानं घरी आल्यावर हे सांगितलं, तेव्हा तिला राग आला. त्याला आला नव्हता. उलट गेली दोन वर्षं आपल्याशी कुणी या गोष्टीबद्दल सरळ बोललं नव्हतं, असं त्याला वाटलं.

त्रेपन्नच्या जूनमध्ये काकरखेडीपासून वीस कोसांवरच्या एका गावाचं कार्ड दुसऱ्या दिवशी पोचलं. उलटी-दस्त, सहा आजारी, एक मयत, तळं. तिसऱ्या दिवशी तळ्यावर पहारा बसला, घरोघर लस टोचली गेली. आणखी एकच माणूस गेला. डॉक्टर माथुरांनी अहवालात दोन मृत्यू लिहिले आणि भालचंद्रला म्हणाले की जे मेले नाहीत त्यांचा रकाना कोणत्याच फॉर्ममध्ये नसतो. भालचंद्रनं कार्ड फायलीत लावलं. त्याला आनंद झाला का, असं शामलानं विचारलं होतं. त्यानं सांगितलं की त्या दिवशी आणखी चार कार्डं होती.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात पुन्हा सगळं मोडलं आणि पुन्हा सगळं जोडलं गेलं. राज्य नवं, राजधानी भोपाळ. शाखेची कपाटं या वेळी परत न येण्यासाठी बाहेर काढण्यात आली. डॉक्टर माथुर त्याच सुमारास निवृत्त झाले. मुकुंदराव आधीच झाले होते. पोतनीस भोपाळला गेला. भालचंद्रला विचारण्यात आलं. शामलाची शाळा लष्करात, तिला तिथं मुख्याध्यापिका होण्याचं चिन्ह होतं. त्यानं ग्वाल्हेरच्या विभागीय कचेरीत राहणं पसंत केलं. ठपक्यामुळे बढती तशीही मिळणार नव्हती.

भोपाळहून नवा फॉर्म आला. सतरा रकान्यांचा, तीन प्रतींत, दर महिन्याच्या अखेरीस भरायचा. तो वाईट नव्हता. त्यात सगळं होतं. फक्त महिना संपेपर्यंत थांबायचं होतं. भालचंद्रनं पोतनीसला लिहिलं, पोतनीसनं तिकडे मांडून पाहिलं, आणि उत्तर आलं की दोन पद्धती एकत्र चालवणं योग्य नाही. तातडीच्या प्रसंगी तार करावी आणि वर 'तातडीचे' असं लिहावं.

शिल्लक कार्डं नऊ हजारांच्या वर होती. ती रद्दीत काढा असं कुणी सांगितलं नव्हतं, वाटा असंही नाही. भालचंद्रनं ती विभागातल्या दवाखान्यांना फॉर्मच्या पाकिटांतूनच थोडी थोडी पाठवत ठेवली. आली की टेबलावर घेई, आकडे परत लिहून उत्तर टाकी, आणि कार्ड घेऊन जो कुणी सिव्हिल सर्जन असेल त्याच्या खोलीत जाई. कुणी ऐकून घेत, कुणी बसायला सांगत, एकानं तर दार लावून घेतलं. तो बाहेर बाकावर बसून राही. साठ सालच्या सुमारास कार्डं संपली.

पुढच्या उन्हाळ्यात विभागाला एक नवे डॉक्टर आले, परप्रांतातून, तिशीतले. त्यांनी एक दिवस त्याला बोलावलं. समोर सात-आठ साधी पोस्टकार्डं होती, वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या अक्षरांत. प्रत्येकावर हातानं आखलेल्या त्याच चार ओळी. डॉक्टरांनी विचारलं की हे लोक कुठल्या हुकमाखाली हे पाठवतात? फाईल सापडत नाही.

भालचंद्रनं सांगितलं की हुकूम पन्नास सालचा आहे, आणि ज्या राज्याचा होता ते राज्य आता नाही.

"म्हणजे लागू नाही?"

"नाही."

"मग याचं करायचं काय?"

भालचंद्रनं वरचं कार्ड उचललं. ते त्यानं आधीच वाचलं होतं, तरी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं: ताप, अकरा आजारी, चार दिवसांपासून, दोन गेले, नाल्याचं पाणी. म्हणाला की याला आज उत्तर जायला हवं, बाकी फाईल उद्या शोधू.

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं आणि गाव कुठं आहे ते विचारलं. भालचंद्र भिंतीवरच्या नकाशाजवळ गेला. गाव लहान होतं, नकाशात नव्हतं. त्यानं जवळचा नाला बोटानं दाखवला आणि मोटारीचा रस्ता कुठवर जातो ते सांगू लागला.